‘संत’ हा शब्द लिहिण्याआधी

सणाच्या आदल्या संध्याकाळी फोन येणार, हे मी आता धरूनच चालते. "बाई, उद्या चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पाच मिनिटं संत तेरेजावर बोलायचंय. काहीतरी लिहून पाठवा ना." बोलणारा धर्मशिक्षणाच्या वर्गातला माझा जुना विद्यार्थी. मी विचारलं, "कुठली तेरेजा?" पलीकडे शांतता.

वीसेक वर्षं मी एका धार्मिक मासिकात दर महिन्याला संतचरित्र लिहितेय. शिकवायला कुणी नव्हतं. चुका होत गेल्या, वाचकांनी कान धरले, आणि त्यातून एक पद्धत बसली. तुम्हालाही कधी असं चरित्र लिहायचं किंवा सांगायचं असेल, तर तीच इथे मांडते.

कागदावर पहिली ओळ लिहायची ती नाव, गाव आणि जन्म-मृत्यूच्या सालांची. नुसत्या नावावर भागत नाही. आविलाची तेरेजा (1515–1582) स्पेनमधली, कार्मेल या मठवासी संघाला शिस्त लावणारी, मठ काढत गावोगाव हिंडलेली. लिझ्यूची तेरेजा (1873–1897) फ्रान्सची, चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिचंच नाव घेतलं ते कोलकात्याच्या मदर तेरेसांनी. चौथी एडिथ स्टाइन, ज्यू घरात जन्मलेली तत्त्वज्ञ. मठात तिचं नाव ‘क्रुसाची तेरेजा बेनेडिक्टा’ झालं, 1942 मध्ये ती नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत मारली गेली आणि 1998 मध्ये संत म्हणून घोषित झाली. एकीचा फोटो, दुसरीची गोष्ट आणि तिसरीची तारीख असं कडबोळं मी छापून आलेलं पाहिलंय.

तारखेचंही सांगते. संताचा सण बहुधा मृत्यूच्या दिवशी येतो, कारण ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, त्या दिवसाला स्वर्गातला जन्मदिवस मानते. या ‘बहुधा’नेच माझा घात केला. लिझ्यूची तेरेजा 30 सप्टेंबरला वारली, आणि माझ्यापुढच्या मुद्रितात सण 1 ऑक्टोबरला होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने तो ‘दुरुस्त’ केला. पुढच्या अंकात माफी छापावी लागली, कारण 30 सप्टेंबर हा संत जेरोमचा दिवस, आणि तेरेजाचा सण खरोखरच 1 ऑक्टोबरला असतो. आविलाच्या तेरेजाची तर गंमतच आहे. ती गेली 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री, आणि सण मात्र 15 ऑक्टोबरला. चूक कुणाचीच नाही. नेमक्या त्याच रात्री नवी दिनदर्शिका लागू झाली आणि 4 तारखेनंतर एकदम 15 उजाडली. दुसरे योहान पौल 2 एप्रिल 2005 ला वारले, पण त्यांचा स्मरणदिन 22 ऑक्टोबर, म्हणजे 1978 मध्ये त्यांच्या पोपपदाचा आरंभ झाला तो दिवस. तेव्हा तारीख जुळली नाही तर आधी कारण शोधा, मग पेन उचला.

आता दुसरी ओळ. ही व्यक्ती कुठल्या पायरीवर आहे?

मराठीत तुकोबांना ‘संत’ म्हणायला कुणी फाइल उघडली नव्हती. लोकांनी म्हटलं आणि ते झाले. ख्रिस्तसभेतही पहिली कित्येक शतकं असंच चाललं. श्रद्धेसाठी जीव दिलेल्या रक्तसाक्ष्याच्या कबरीवर लोक जमायचे, वर्षश्राद्धासारखा दिवस पाळायचे, नाव यादीत जायचं. पोपनी रीतसर घोषणा केल्याचं सर्वांत जुनं पक्कं उदाहरण 993 सालचं, आउग्सबुर्गचे बिशप उल्रिक यांचं. 1588 मध्ये पाचव्या सिक्स्तस यांनी रोममध्ये या कामासाठी खातं नेमलं. आजचे नियम मुख्यतः 1983 चे. त्यांत चार पायऱ्या आहेत आणि चारी शब्दांना वजन आहे: ईशसेवक, वंदनीय, धन्यवादित, संत.

ज्याची चौकशी रीतसर सुरू झाली तो ईशसेवक. ही चौकशी मृत्यूनंतर पाच वर्षं उलटल्यावरच सुरू करता येते, आणि बहुधा ज्या धर्मप्रांतात मृत्यू झाला तिथले बिशप ती करतात. पाच वर्षं थांबायचं ते लोकांचा उमाळा ओसरू देण्यासाठी. त्यानंतरही त्या माणसाच्या पावित्र्याची कीर्ती टिकून असेल तर पुढे जायचं. पोप ही अट शिथिल करू शकतात. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या आणि 1999 मध्येच परवानगी मिळाली.

चौकशी म्हणजे काय, तर अक्षरशः खटला. प्रकरण चालवणारा पोस्टुलेटर असतो. त्या माणसाचं छापील लिखाण धर्मपंडित वाचून काढतात. इतिहासाचे जाणकार पत्रं, डायऱ्या, वह्या गोळा करतात. साक्षीदार शपथेवर बोलतात, लेखनिक उतरवून घेतो. विरोधात बोलणाऱ्यांनाही बोलवावं लागतं. मग सगळे कागद मोहोरबंद पेट्यांतून रोमला जातात. तिथे त्यांवरून जाडजूड ग्रंथ तयार होतो, त्याला पॉझिशिओ म्हणतात. तो धर्मपंडित वाचतात, मग कार्डिनल आणि बिशप, शेवटी पोप. श्रद्धा, आशा, प्रीती, शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम हे सद्गुण त्या माणसाने असामान्य पातळीवर आणि सातत्याने जगून दाखवले, असं ठरलं की तो वंदनीय. इथपर्यंत चमत्काराचा संबंध येत नाही.

मृत्यूनंतर त्याच्याकडे प्रार्थना केल्यावर, म्हणजे त्याच्या मध्यस्थीने, घडलेला एक चमत्कार मान्य झाला की धन्यवादित, आणि त्यानंतर घडलेला आणखी एक मान्य झाला की संत. फरक नुसता मानाचा नाही. धन्यवादिताची सार्वजनिक उपासना ठरावीक धर्मप्रांतापुरती किंवा संघापुरती असते, संताची जगभर. संतपदाच्या ‘कॅननायझेशन’ या मूळ शब्दाचा अर्थच ‘यादीत नाव घालणं’ असा आहे. म्हणून ‘पोपनी अमक्याला संत बनवलं’ असं मी कधी लिहीत नाही, ‘घोषित केलं’ असं लिहिते. बनवलं असेल तर देवाने. पोप त्याची नोंद करतात.

इथे उत्साही मंडळींना हात जोडून एक सांगणं आहे. ज्याची फाइल अजून ईशसेवक किंवा वंदनीयवर आहे, त्याच्या चित्राला तेजोवलय काढू नका, फोटो वेदीवर ठेवू नका. सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बन यांनी असल्या आगाऊ उपासनेला बंदी घातली, ती आजही लागू आहे. चौकशीत कबर आणि राहती खोली पाहून ‘इथे सार्वजनिक पूजा चालत नाही’ असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे भक्तांनी फार भक्ती केली तर फाइल अडते. एकदा एका ईशसेवकाची स्मरणिका तपासायला माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर डोक्यामागे सोनेरी चक्र, आत ‘संतशिरोमणी’. मी फोन करून ते काढायला लावलं. फोनवरचे गृहस्थ दुखावले. म्हणाले, "बाई, तुमची श्रद्धा कमी पडते." घरी मात्र तुम्ही त्या ईशसेवकाकडे मध्यस्थी मागू शकता. उलट मागावीच, नाहीतर चमत्कार येणार कुठून?

रक्तसाक्ष्यांचा रस्ता वेगळा. श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं गेलं हे सिद्ध झालं की धन्यवादित होण्यासाठी चमत्कार लागत नाही, पुढे संतपदासाठी एक लागतो. पण ‘श्रद्धेच्या द्वेषापोटी’ हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. पोलंडचे धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे यांचंच घ्या. आउशवित्झमध्ये एक कैदी पळाला, म्हणून दहाजणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला एक बायकामुलांच्या नावाने रडला. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि म्हणाले, त्याच्या जागी मला घ्या. 14 ऑगस्ट 1941 ला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. आता हे श्रद्धेसाठी मरण की शेजाऱ्यावरच्या प्रेमासाठी? 1971 मध्ये त्यांना धन्यवादित केलं तेव्हा ते रक्तसाक्षी धरले गेले नव्हते. 1982 मध्ये दुसऱ्या योहान पौलांनी त्यांना रक्तसाक्षी म्हणून संत घोषित केलं आणि त्या मिस्सेला रक्तसाक्ष्यांचा लाल झगा घातला. ज्याचा जीव वाचला होता तो माणूस तिथे हजर होता. पुढे 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘दुसऱ्यासाठी जीव अर्पण केलेले’ असा वेगळाच रस्ता नियमांत घातला. त्यात मात्र धन्यवादित होण्यासाठी चमत्कार लागतो. म्हणून कोल्बेंवर लिहाल तेव्हा ‘रक्तसाक्षी’ लिहून पुढे पळू नका. सगळी गोष्ट त्या एका शब्दात अडकलेली आहे.

किती वर्षं लागतात, हा हमखास प्रश्न. उत्तर नाही. कार्लो अकुतिस 2006 मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि 7 सप्टेंबर 2025 ला संत घोषित झाला. मदर तेरेसांनाही एकोणीस वर्षंच लागली. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. धन्यवादित झाले 1627 मध्ये, संत 1862 मध्ये. भारतात जन्मलेले पहिले संत, पण घोषणेला 265 वर्षं. फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला 1431 मध्ये जाळलं, संत म्हटलं 1920 मध्ये.

चमत्काराबद्दल सावकाश लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त सैलपणा तिथेच होतो. ‘डॉक्टरांनी चमत्कार मान्य केला’ हे वाक्य चूक आहे. डॉक्टर चमत्कार मान्य करत नाहीत. रोमच्या वैद्यकीय मंडळातले तज्ज्ञ एवढंच सांगतात की आजच्या वैद्यकशास्त्राने या बरं होण्याचं कारण देता येत नाही. सात जण असतील तर किमान पाच जणांचं तसं मत लागतं. आजार गंभीर हवा, बरं होणं झटकन, पूर्ण आणि टिकाऊ हवं, आणि दिलेल्या औषधांनी ते झालेलं नसावं. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी, म्हणजे पुढचे पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी, या कसोट्या लिहून ठेवल्या. त्यांचा सांगाडा अजून तोच आहे. त्यानंतर धर्मपंडित पाहतात की प्रार्थना कुणाकडे केली होती आणि कधी. शेवटचा निर्णय पोपचा.

तुमच्या घरातच असं काही घडलं असं वाटत असेल, तर मला येणाऱ्या पत्रांवरून दोन गोष्टी सुचवते. पहिली, कागद फेकू नका. आजारपणाआधीचे, आजारपणातले आणि नंतरचे अहवाल, क्ष-किरण फिल्म, डिस्चार्ज कार्ड तारखांसकट जपून ठेवा आणि त्या प्रकरणाच्या पोस्टुलेटरकडे लेखी कळवा. ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ याला कागदाशिवाय किंमत नाही. दुसरी गोष्ट लोकांना ऐकवत नाही. मध्यस्थी एकाकडेच मागितलेली असावी लागते. एका आजींनी नातवासाठी एका धन्यवादितांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली. ती करताना मन राहवेना म्हणून पादुवाच्या संत अंतोनला मेणबत्ती, संत यूदाला नवस, आणि शेजारणीने दिलेली आणखी एक नोव्हेना. नातू बरा झाला, देवाची कृपा. पण ती कुणाच्या मध्यस्थीने, हे आता कोण ठरवणार? आजी म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून केलं असेल." श्रद्धेच्या बाजूने त्यांचं काही चुकलं नाही. फक्त फाइलला त्याचा उपयोग नाही.

आणि वाद असेल तर तो लिहा. मदर तेरेसा यांच्या पहिल्या मान्य चमत्कारात एका स्त्रीच्या पोटातली गाठ गेली. ती गाठ क्षयाची होती आणि औषधांनी बरी झाली, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने जाहीरपणे म्हटलं होतं. रोमचा निर्णय वेगळा आला. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहायला काय हरकत आहे? लपवलं तर वाचक दुसरीकडून वाचतोच, आणि मग तुमच्या बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो. चमत्काराची अट पोप माफही करू शकतात. पोप तेविसावे योहान दुसऱ्या चमत्काराशिवायच 2014 मध्ये संत घोषित झाले.

तिसरी ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: हे कुणी पाहिलं, आणि पाहिलेलं कधी लिहिलं?

जोन ऑफ आर्कबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं तिच्या शत्रूंनी लिहून ठेवलंय. खटल्याची कागदपत्रं शिल्लक आहेत. तिला शब्दांत पकडायला न्यायाधीशांनी विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हणावं तर अहंकार, नाही म्हणावं तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर देव मला तिथेच ठेवो. लिहायला न येणारी, एकोणिसेक वर्षांची पोरगी. असा कागद हाती असताना विशेषणं कशाला हवीत?

आता दुसरं टोक. मध्ययुगात युरोपभर जोसाफात नावाच्या राजपुत्राची गोष्ट लोकप्रिय होती. बापाने त्याला दुःखापासून दूर महालात ठेवलं, पण बाहेर पडल्यावर त्याला रोगी दिसला, म्हातारा दिसला, मरणाबद्दल कळलं, आणि त्याने राज्य सोडलं. ओळखलीत ना गोष्ट? मूळ शब्द ‘बोधिसत्त्व’. अरबीत त्याचं बूदासफ झालं. अरबी लिपीत एका टिंबाच्या फरकाने ‘ब’चा ‘य’ होतो, म्हणून पुढे यूदासफ. मग जॉर्जियन आणि ग्रीकमधून जात जात लॅटिनमध्ये जोसाफात. रोमच्या रक्तसाक्षिनामावलीत 27 नोव्हेंबरला त्याचं नावही लागलं होतं. मला या प्रकारात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, चांगली गोष्ट पाय फुटून कुठवर चालते ते दिसतं. पण चरित्र म्हणून ती सांगायची नाही. (याच नावाचे एक खरेखुरे बिशप जोसाफात सतराव्या शतकात मारले गेले. त्यांचा सण 12 नोव्हेंबरला. पुन्हा पहिली ओळ आठवा.)

दोन्हींच्या मधे असतो ख्रिस्तोफर, प्रवाशांचा रक्षक संत. खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा तो धिप्पाड माणूस ही नंतरची दंतकथा. 1969 मध्ये पोप सहाव्या पौलांनी दिनदर्शिका नीट लावली तेव्हा त्याचा सण जागतिक यादीतून निघाला. मी लिहून मोकळी झाले, ‘पोपनी ख्रिस्तोफरचं संतपद काढून घेतलं.’ एका ट्रकचालकाचं पोस्टकार्ड आलं: "मग गळ्यातलं पदक काढू का?" शरमले. संतपद कुणी काढलं नव्हतं. सण जगभर सक्तीने पाळायची गरज राहिली नाही, एवढंच. स्थानिक पातळीवर आजही पाळता येतो. उलट टपाली कळवलं, पदक राहू द्या.

नव्या संतांची चरित्रंही धुऊन-पुसून येतात. लिझ्यूच्या तेरेजाच्या वह्या तिच्या मृत्यूनंतर तिच्या सख्ख्या बहिणीने, जी मठाची प्रमुखही राहिलेली होती, बऱ्याच बदलून छापल्या. मूळ मजकूर लोकांपुढे आला 1956 मध्ये. फोटोंवरही हात फिरवलेला होता. त्यामुळे जुनं पुस्तक हाती असेल तर आवृत्ती पाहा. कार्लो अकुतिसची तर आपल्या डोळ्यांदेखत दंतकथा झाली. 2020 मध्ये असिसीत त्याचा देह दर्शनाला ठेवला आणि ‘देह जसाच्या तसा आहे, कुजलेला नाही’ असे मेसेज फिरू लागले. तिथल्या बिशपांनीच स्पष्ट केलं की देहात नेहमीसारखे बदल झालेले होते, आणि चेहरा सिलिकॉनने घडवलेला आहे. असा मेसेज तुम्हालाही आला असेल. पुढे पाठवू नका.

संतांच्या पवित्र अवशेषांबद्दल एकच: विकत घेऊ नका. विक्रीला चर्चच्या कायद्यानेच बंदी आहे.

इतकं झालं की लिहायला बसायचं, आणि सगळं लिहायचं नाही. पाच मिनिटांत एक प्रसंग मावतो. प्रसंग असा निवडा की ज्यात माणूस दिसेल. ‘लहानपणापासूनच धार्मिक वृत्तीचे’ हे वाक्य माझ्याकडे आलेल्या दहांतल्या आठ चरित्रांत असतं. ते खोडलं की खाली काहीच उरत नाही. जेरोमची जीभ तिखट होती, ते लिहा. लिझ्यूच्या तेरेजाला प्रार्थनेत झोप लागायची, हे तिने स्वतः लिहिलंय.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाला लिझ्यूच्या तेरेजाचा धुण्याचा प्रसंग दिला. मठातल्या सगळ्याजणी मिळून कपडे धुताहेत. समोरची सिस्टर रुमाल आपटतेय आणि दर वेळी घाण पाण्याचे शिंतोडे तेरेजाच्या तोंडावर. पहिला विचार आला तो मागे सरून चेहरा पुसायचा, म्हणजे समोरचीला कळेल तरी. मग ती थांबली, आणि पुसायचा मोह आवरून तशीच उभी राहिली. काही वेळाने तिला ते शिंतोडे आवडूही लागले. शेवटी तिने ठरवलं की जमेल तितकं या जागेवर पुन्हा यायचं. एवढाच प्रसंग. ना दिव्यदर्शन, ना चमत्कार.

"एवढंच?" तो म्हणाला. "स्वर्गातून गुलाबांचा पाऊस पाडीन म्हणाली होती, त्या गुलाबांचं काही नाही?"

"गुलाब सगळ्यांना माहीत आहेत. हे सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मागच्या बाकांवरचे लोक चक्क ऐकत होते म्हणे, आणि शिंतोड्यांपाशी बायका हसल्या. खुशीत होता. म्हणाला, "बाई, नोव्हेंबरात पण मलाच बोलायला सांगितलंय. संत मार्टिनवर."

"कुठला मार्टिन?" मी विचारलं. "तीन तारखेचा लिमाचा, की अकराचा टूर्सचा?"

पलीकडे शांतता.